‘आज्ञा झाली’ की ‘आज्ञा मानली’?

आमच्या नागपुरात ‘महाराजांची आज्ञा झाली’ हे वाक्य नेहमी कानावर पडतं. प्लॉट घ्यायचा असो, नोकरी सोडायची असो, स्थळ नाकारायचं असो. मला त्यातल्या ‘झाली’ची चर्चा करायची आहे.

मामेबहिणीच्या स्थळाबद्दल विचारायला मामा एका महाराजांकडे गेले, तेव्हा नारळाची पिशवी धरून मी शेजारीच बसलो होतो. महाराज एवढंच म्हणाले, ‘घाई करू नका.’ परतताना ऑटो सीताबर्डीला पोचेपर्यंत त्याचं ‘ते नको म्हणाले’ झालं. महालात घरी पाय ठेवताच मामा मामीला म्हणाले, ‘आज्ञा झाली बाप्पा, आता आपल्या हातात काय हाये?’ बहीण दाराशी उभी होती. तिला कोणी काही विचारलंच नाही.

व्याकरणाने पाहिलं तर ‘आज्ञा झाली’ यात कर्ता खुद्द ‘आज्ञा’च आहे. पाऊस झाला, उशीर झाला, तशी ती होते. ‘मामांनी आज्ञा मानली’ म्हटलं की मामा वाक्यात येतात. मानायला मन लागतं, आणि ते ज्याचं त्याचं असतं.

आज्ञा, अनुज्ञा, प्रतिज्ञा हे तिन्ही शब्द ‘ज्ञा’ म्हणजे जाणणे या धातूचे. आज्ञा दुसऱ्याकडून येते, प्रतिज्ञा आपल्या तोंडून निघते. १४ ऑक्टोबर १९५६ ला इथे दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी अनुयायांना दिल्या त्या बावीस प्रतिज्ञा. त्या घेणारा प्रत्येक जण ‘मी’ म्हणतो. मला हा शब्द फार मोलाचा वाटतो.

प्रतिसाद: पण शरणागतीत ‘मी’ उरतोच कुठे? गीतेत ‘मामेकं शरणं व्रज’ असंच सांगितलंय ना?

दादा, ‘व्रज’ म्हणजे ‘तू जा’. जाणारा अर्जुनच. शिवाय तो श्लोक अठराव्या अध्यायात ६६ वा. त्याच्या तीनच श्लोक आधी ‘विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु’ आहे, म्हणजे सगळ्याचा नीट विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. आपला ‘विमर्श’ त्याच धातूचा. आणि ७३ व्या श्लोकात अर्जुन म्हणतो, ‘करिष्ये वचनं तव’. वचन कृष्णाचं, ‘करीन’ अर्जुनाचं. ‘करिष्ये’ हे आत्मनेपद आहे. पाणिनीच्या नियमाने क्रियेचं फळ कर्त्याला मिळतं तेव्हा ते वापरतात. महाकाव्यात हा नियम दर वेळी काटेकोर पाळलेला नसतो, म्हणून त्यावर फार भार देत नाही. पण ‘मी’चं एकवचनी रूप तर तिथे आहेच.

पालीतल्या केसमुत्ति सुत्तात तर बुद्ध कालाम नावाच्या लोकांना सांगतात की ‘समणो नो गरू’, हा श्रमण आमचा गुरू आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नका. पालीतला ‘गरू’ म्हणजे आपला ‘गुरू’.

प्रतिसाद: मग ‘जबाबदारी’ला आपला शब्द कोणता?

हाच चालू द्या. जबाब अरबी, दार फारसी. विचारल्यावर जो उत्तर देतो तो जबाबदार. बहिणीने दोन वर्षांनी मामांना विचारलं, ‘नाही कोण म्हणालं होतं?’ मामा बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, ‘मीच म्हटलो.’

वऱ्हाडी किंवा झाडीबोलीत या ‘झाली’ऐवजी दुसरं काही म्हणतात का? जाणकारांनी सांगावं.