‘खंय’वरच्या टिंबाचे काय करायचे?

वेंगुर्ल्याहून:
मालवणी शब्दसंग्रहात प्रत्येक शब्दापुढे आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी, म्हणजे उच्चार दाखवणारी रोमन धाटणीची चिन्हे, द्यावी, कारण आमचे स्वर लिहायला देवनागरी अपुरी पडते, असे काल येथे कोणी लिहिले आणि ते वाचून मला राहवले नाही. ‘खंय’ (कुठे) आणि ‘इलंय’ (आलो) मला आजीने कोणत्याही लिपीवाचून शिकवले. उलटे रोमन ई ‘अ’ म्हणून वाचायची सवय आमच्या वाचकाला कोण लावणार? अनुस्वार पुरेसा आहे.

देवगडहून:
ते मीच लिहिले होते. ‘आंबा’मध्ये अनुस्वाराचा उच्चार म्, ‘अंत’मध्ये न्, ‘असं’मध्ये नुसता लांबवलेला अ आणि ‘खंय’मध्ये नाकातून येणारा स्वर, एका टिंबाने किती कामे करायची? पुण्यात वाढलेल्या माझ्या पुतण्याने ‘खंय’ हे ‘खन्य’ असे मोठ्याने वाचले, घरातले सगळे हसले आणि त्याने मालवणी शब्दांची वही मिटली ती पुन्हा उघडलीच नाही. ध्वनिलिपीत स्वराच्या डोक्यावर नागमोडी रेघ दिली की असा घोळ होत नाही.

रत्नागिरीहून:
मग हिंदीप्रमाणे चंद्रबिंदू द्यावा. ‘खँय’ लिहिले की प्रश्न मिटला.

देवगडहून:
मिटला नाही, वाढला. मराठी माणूस ‘बँक’ वाचताना चंद्राला ‘ॲ’ समजतो आणि टिंबाला अनुस्वार, म्हणून ‘खँय’मध्येही त्याला ‘ॲ’च दिसणार. काही सुचवण्यापूर्वी रस्त्यावरची एखादी पाटी तरी वाचावी.

रत्नागिरीहून:
माझी उभी हयात बँकेतच गेली, तेव्हा पाटी वाचण्याचा सल्ला मला देऊ नये. चंद्राबद्दलचे म्हणणे मात्र खरे आहे. मूळ घाव १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी घातला. ‘केळें’, एकवचनी ‘घरांत’ यांवरचे अनुस्वार उच्चारले जात नाहीत म्हणून काढले. कोणाच्या तोंडी उच्चारले जात नाहीत? आमच्या घरी चित्पावनी बोलीत नाकातले स्वर अजून ऐकू येतात.

वेंगुर्ल्याहून:
त्या नियमांवर बोलायचे तर रात्र पुरणार नाही. पुतण्याने वही मिटली हे मात्र मला लागले. म्हणून जेथे वाचन हमखास चुकते तेवढ्याच शब्दांपुढे ध्वनिलिपी द्यावी, इतके नाइलाजाने मान्य करते. शब्द देवनागरीतच राहील आणि सोबत बोलणाऱ्याचा ध्वनिमुद्रित आवाज हवाच.

देवगडहून:
आवाज कोणाचा घ्यायचा, मालवणचा की सावंतवाडीचा?