‘औट घटके’तला औट म्हणजे किती?

आमच्या साताऱ्यातल्या घरी गेल्या आठवड्यात नववीत शिकणाऱ्या माझ्या नातीने मराठीच्या गृहपाठात ‘औट घटकेचे राज्य’ या वाक्प्रचाराचा अर्थ ‘ज्याचा राजा लवकर आऊट होतो असे राज्य’ असा लिहिला. भाव बरोबर असल्यामुळे शाळेत तिला गुणही मिळाले असते, परंतु शब्द मात्र पूर्णपणे चुकला होता. मी शेजारपाजारच्या चारपाच सुशिक्षित माणसांना विचारले, तेव्हा त्यांपैकी दोघांनी क्रिकेटचाच ‘आऊट’ सांगितला आणि इतरांनी ‘औट म्हणजे थोडे’ असे सांगितले. म्हणून हा शब्द येथे चर्चेला घेत आहे.

औट म्हणजे साडेतीन. ते ‘थोडे’ नव्हे, ‘क्षणभर’ही नव्हे, तर नेमकी साडेतीन ही संख्या आहे. ज्यांनी पाढ्यांच्या अंकलिपीतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी म्हटली आहे, त्यांना हे सांगावे लागणार नाही; औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, त्यामुळे तिच्यात साडेतीन, सात, साडेदहा, चौदा, साडेसतरा अशी चढण असते. मी लहानपणी संध्याकाळी दिव्यापुढे परवच्याबरोबर ही औटकी म्हटलेली आहे, तरीही पाढ्यातला औट आणि राज्याचा औट एकच आहेत हे माझ्या लक्षात यायला लग्नानंतरची कित्येक वर्षे जावी लागली. पाढा पाठ होता, वाक्प्रचारही पाठ होता, पण दोन्हींची गाठ कोणी घालून दिली नव्हती.

शब्दाची घडण फार सुंदर आहे. संस्कृतातला ‘अर्धचतुर्थ’ प्राकृतात ‘अद्धुट्ठ’ झाला, तेथून ‘अहुठ’ आणि पुढे मराठीत ‘औट’. अर्धचतुर्थ म्हणजे ज्यातला चौथा अर्धाच आहे असे, म्हणजे तीन पूर्ण आणि चौथा निम्मा. हीच रीत ‘अर्धतृतीय’ या शब्दात आहे, ज्यापासून आपला अडीच आला, आणि ‘द्व्यर्ध’ या शब्दातही आहे, ज्यापासून दीड आला. याच्या उलट ‘साडे’ हा ‘सार्ध’पासून, म्हणजे ‘अर्ध्यासह’ या अर्थाच्या शब्दापासून आला. दीड, अडीच आणि औट हे तिन्ही शब्द पुढच्या, अजून पुऱ्या न झालेल्या अंकाकडे पाहून मोजतात, तर साडेतीन, साडेचार हे मागच्या, पुऱ्या झालेल्या अंकावर अर्धा ठेवतात. आपण ‘साडेएक’ आणि ‘साडेदोन’ का म्हणत नाही, या मुलांच्या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे: त्या दोन जागांवर जुन्या रीतीचे शब्द ठाण मांडून बसले आहेत. तिसऱ्या जागेवरचा औट मात्र ‘साडेतीन’ने उठवला, आणि तो पाढ्यात व एकदोन वाक्प्रचारांत जाऊन राहिला.

पुढच्या अंकाकडे पाहून अर्धा मोजण्याची ही दृष्टी केवळ आपल्याकडे नाही. घड्याळात साडेतीन वाजले की जर्मन माणूस आजही ‘अर्धा चार’ असेच म्हणतो. रोमन लोकांच्या सेस्टर्शियस या नाण्याच्या नावाचा अर्थ ‘अर्धा तिसरा’ असा आहे, कारण ते नाणे सुरुवातीला अडीच ‘आस’ किमतीचे होते. डॅनिश भाषेत पन्नासला जो शब्द आहे, त्याचे पूर्ण जुने रूप ‘अर्धा-तिसरा वेळा वीस’, म्हणजे अडीच विसा, असे आहे.

आता घटका. दिवसरात्र मिळून ६० घटका, म्हणून एक घटका २४ मिनिटांची. लग्नात गुरुजी पाण्याने भरलेल्या घंगाळात तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडत, ती भरून बुडाली की एक घटका झाली. साडेतीन घटका म्हणजे ८४ मिनिटे, पुरता दीड तासही नाही. तेव्हा औट घटकेचे राज्य म्हणजे ती वाटी चौथ्यांदा अर्धी भरेपर्यंतचे राज्य. तीन दिवसांत कोसळलेल्या सत्तेला हा वाक्प्रचार शोभतो. दोन वर्षे चाललेल्या सत्तेला तो वापरलेला मी वृत्तपत्रांत वाचते, तेव्हा मला ते चुकीचे वाटते. वाक्प्रचारात अतिशयोक्ती चालते हे मान्य करूनही, ज्या शब्दात मोजमाप आहे त्याचे मोजमाप इतके सैल सोडू नये, असे माझे मत आहे.

औटाचे दुसरे घर म्हणजे माणसाचे शरीर. संतवाङ्मयात देहाला ‘औट हात’ म्हटलेले आढळते, आणि आपणही ‘साडेतीन हातांचा देह’ आणि ‘शेवटी लागते ती साडेतीन हात जागा’ असे म्हणतो. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी ‘औट वळणी’, म्हणजे साडेतीन वेटोळी घालून निजलेली आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे १२९०ची. त्या काळी हा शब्द ऐकणाऱ्याला अर्थ विचारावा लागत नसणार. आज मात्र आपण साडेतीन मुहूर्त म्हणतो, साडेतीन शक्तिपीठे म्हणतो, आणि मेणवलीचा वाडा दाखवताना नाना फडणवीसांना साडेतीन शहाण्यांतले अर्धे म्हणतो. तेथे औट कोणी म्हणत नाही.

साडेतीन हात हे माप खरोखर किती बरोबर आहे, याविषयी कोणाला अधिक माहिती असल्यास अवश्य लिहावे.

तासगावहून आलेला प्रतिसाद:

ताई, आपण हाताचा उल्लेख केलात म्हणून आमच्याकडचे दोन शब्द नोंदवतो. आमच्या वडिलांच्या वेळी शेतात मोट होती. मोटेचा नाडा नवा आणला की वडील त्याचे एक टोक डाव्या मुठीत धरत, उजवा हात छातीवरून पूर्ण ताणून दुसऱ्या मुठीत दोर पकडत आणि ‘एक वाव’ म्हणत. मग उजव्या मुठीतला दोर डावीकडे घेऊन पुन्हा हात ताणत. विहिरीची खोली मात्र ते कधी वावेत सांगत नसत, ती परसात सांगत: ‘सहा परस पाणी आहे.’ परस म्हणजे पुरुष, उभ्या माणसाएवढी खोली, हे त्यांनीच सांगितले होते. दोर एका मापाने आणि विहीर दुसऱ्या मापाने, असे असूनही त्यांचा हिशेब कधी चुकला नाही. याचा आपल्या साडेतीन हातांशी काही संबंध असावा का?

माझे उत्तर:

दादा, संबंध आहे, आणि तो तुमच्या वडिलांच्या दोन मुठींतच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात देशमानाचा जो अध्याय आहे, त्यात मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या मधल्या बोटाची मधली रुंदी म्हणजे एक अंगुळ धरले आहे. बारा अंगुळांची वितस्ती, म्हणजे आपली वीत. दोन वितींचा, चोवीस अंगुळांचा हात. आणि ८४ अंगुळांचा व्याम. या व्यामाचा उपयोग तेथे दोन कामांसाठी सांगितला आहे: दोर मोजणे आणि खणलेल्या खाताची खोली पुरुषमानाने मोजणे. व्याम म्हणजेच आपला वाव आणि पुरुष म्हणजेच आपला परस. ८४ला चोवीसने भागा, उत्तर साडेतीन येते. वाव साडेतीन हात, परस साडेतीन हात, आणि देहही साडेतीन हात.

म्हणून तुमच्या वडिलांना वेगळा हिशेब करावा लागत नव्हता. माणसाने दोन्ही हात आडवे पसरले की एका हाताच्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंतचे अंतर त्याच्या उंचीएवढेच, क्वचित थोडे कमीजास्त, भरते. विहीर आठ परस असेल तर पोहऱ्याला आठ वाव दोर, आणि वर गाठीला व पकडीला लागेल तेवढा. आमच्या साताऱ्याजवळ लिंब येथे बारा मोटांची विहीर आहे, जी १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधवली. तिची खोली ११० फूट सांगतात, म्हणजे साडेपाच फुटांच्या परसाने वीस परस. त्या विहिरीच्या काठावर उभे राहून खाली पाहताना फुटांचा आकडा मला काही सांगत नाही, पण वीस माणसे एकावर एक उभी आहेत असे मनात आणले की ती खोली पोटात जाणवते. एवढी सावधगिरी मात्र ठेवावी की शुल्बसूत्रांत यज्ञवेदीसाठी जो पुरुष सांगितला आहे तो हात वर केलेल्या माणसाचा, पाच हातांचा, म्हणजे १२० अंगुळांचा आहे. त्यामुळे जुन्या मजकुरात पुरुष दिसला की तो कोणता हे पाहिले पाहिजे.

वाईहून आलेला प्रतिसाद:

साडेतीन घटका म्हणजे ८४ मिनिटे आणि साडेतीन हात म्हणजे ८४ अंगुळे. शिवाय चौऱ्याऐंशी लक्ष योनी. यामागे एकच सूत्र असले पाहिजे.

माझे उत्तर:

मिनिटे आणि अंगुळे जुळली हा निव्वळ योग आहे. हातात चोवीस अंगुळे आहेत आणि घटकेत चोवीस मिनिटे भरतात, पण मिनिट हे आपल्या कालगणनेतले मान नव्हे; आपल्याकडे घटकेचे विभाग पळांत होतात, आणि औट घटकेची पळे २१० होतात. योनींचा आकडा त्यात ओढू नये, असे मी आग्रहाने म्हणेन. शब्दाचा खरा धागा सापडलेला असताना आकड्यांच्या मागे गेले की धागा सुटतो.

साडेतीन हातांविषयी मात्र मी घरी मोजून पाहिले. नातीला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभे केले, डोक्यावर पाटी आडवी धरून चौकटीवर खडूने खूण केली, आणि तिच्या कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत सुतळी धरून दोन गाठी मारल्या. त्या सुतळीने खालपासून मोजत गेले तेव्हा तीन वेळा पूर्ण, चौथ्यांदा अर्धी, आणि वर तिची चार बोटे आडवी बसतील एवढी जागा राहिली. म्हणजे ८४ नव्हे, ८८ अंगुळे. रोमन स्थापत्यकार विट्रूव्हियस माणसाची उंची चार हात सांगतो. नात औट हात आणि चार हात यांच्या मध्ये, औटाच्या बाजूला उभी राहिली. तिची सुतळी मी स्वतःला लावून चालले नसते, कारण हे माप ज्याचे त्यानेच घ्यायचे असते. प्रत्येकाचा देह आपापल्या हाताने साडेतीन हात.

या प्रमाणावर आजची रुग्णालयेही विसंबतात. जो रुग्ण अंथरुणावरून उठून उभा राहू शकत नाही, त्याच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडाची लांबी घेऊन तक्त्यावरून उंची काढतात, किंवा छातीच्या मध्यापासून पसरलेल्या बोटांपर्यंतचे माप, म्हणजे आपल्या शब्दांत अर्धा वाव, घेतात.

नातीने मग मलाही भिंतीला लावून हात पसरायला सांगितले. तिचा वाव आणि तिची उंची सारखीच भरली होती. माझा वाव मात्र माझ्या उंचीपेक्षा तीन बोटे अधिक निघाला. तिला वाटले की मोजताना चुकले, म्हणून तिने दुसऱ्यांदा सुतळी लावली, आणि तेवढाच फरक आला. वयाबरोबर पाठीच्या मणक्यांमधल्या गाद्या दबतात आणि पाठ वाकते, त्यामुळे उंची उतरते, पण हातांची हाडे आहेत तेवढीच राहतात. ‘म्हणजे आजी, तू आधी एवढी होतीस,’ असे म्हणून तिने चौकटीवर माझ्या खुणेच्या वर तीन बोटे सोडून दुसरी खूण केली.