फोटो लायब्ररीची प्रत नेटवर्कवरील हार्ड डिस्कवर कशी ठेवावी?

प्रश्न: मॅकवरील माझी फोटोज लायब्ररी ३०० जीबीची झाली असून, राउटरला जोडलेल्या हार्ड डिस्कवर तिची प्रत घेताना काम दोनदा अर्ध्यावरच थांबले. वडिलांचे जुने फोटो त्यात असल्याने फार काळजी वाटते. मूळ लायब्ररीच त्या डिस्कवर हलवावी का?

उत्तर १: कृपया तसे करू नका. ही लायब्ररी एकच फाइल दिसत असली, तरी आत हजारो लहान फायली आणि एक डेटाबेस असतो, आणि मध्येच नेटवर्क तुटले तर तो डेटाबेस बिघडू शकतो. म्हणून मूळ लायब्ररी मॅकवर किंवा थेट जोडलेल्या एपीएफएस (मॅकची स्वतःची फाइल-मांडणी) डिस्कवरच असावी. नेटवर्कवरील डिस्कवर डिस्क युटिलिटी या मॅकमधील ॲपने स्पार्स बंडल (वेगळ्या डिस्कसारखी उघडणारी, गरजेनुसार वाढणारी डिस्क इमेज) तयार करा, फोटोज ॲप बंद करा आणि मगच त्यात प्रत घ्या. पहिली प्रत वाय-फायवर न घेता केबल लावून घ्यावी.

उत्तर २: त्याआधी आयक्लाउडचे (ॲपलच्या ऑनलाइन साठवणीचे) सेटिंग पाहा. ‘ऑप्टिमाइझ मॅक स्टोरेज’ चालू असेल, तर बरेचसे मूळ फोटो फक्त आयक्लाउडवर असतील, मॅकवर नसतीलच, आणि प्रत पूर्ण झालेली दिसूनही अपुरी राहील.

प्रश्नकर्ता: तो पर्याय खरोखरच चालू होता. मूळ फोटो आता उतरवून घेत आहे. आपणा दोघांचा मनापासून आभारी आहे.