मदत हवी आहे: पणजीहून रात्री साखळीला परतायचं कसं?

नमस्कार. मी साखळीची, गेल्या महिन्यापासून पणजीत नोकरीला आहे. सकाळी माशेलमार्गे बस मिळते, अडचण नाही. सुटायला मात्र साडेसात होतात. परवा बाणस्तारीपर्यंत दारातच उभी होते, एका हातात डबा, दुसऱ्याने दांडा घट्ट धरलेला. स्कूटर आहे, पण पावसात आमोण्याच्या पुलापुढचा काळोख मला झेपत नाही. पणजीत खोली घेतली असती, पण घर वाळवंटीलगत. नदीला पाणी चढलं की आईला झोप लागत नाही, तिला एकटं कसं ठेवू?

साखळी-डिचोलीकडे त्या वेळेला कोणी कारने परततं का? पेट्रोलचा वाटा देईन. सोबत बायका असतील तर फारच बरं. की म्हापशावरून येणं सोपं पडेल? रोज ये-जा करणाऱ्यांनी कृपया सांगा.