मदत हवी आहे: एडिनबरात एक दिवस रमतगमत कसा घालवावा?

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरपासून एडिनबरात एमएस्सी करते आहे. पहिलं सत्र संपत आलं. शहर किती पाहिलं म्हणाल तर खोली ते वर्ग, वर्ग ते ग्रंथालय आणि परतताना किराणा. आई रोज विचारते, "अगं, एवढ्या लांब गेलीस, पाहिलंस काय?" उत्तर नसतं.

म्हणून मागच्या रविवारी हिय्या केला आणि भलीमोठी यादी करून निघाले. आर्थर्स सीट, कॅल्टन हिल, किल्ला, रॉयल माइल, संग्रहालय, शिवाय दुपारी एकची तोफ. आर्थर्स सीट म्हणजे जेमतेम २५१ मीटर उंचीची टेकडी, पण खालीच असा वारा सुटला होता की छत्री उलटी झाली. तो बेत तिथेच रद्द. कॅल्टन हिल चढले. १८२६ साली बांधायला घेऊन १८२९ मध्ये पैसे संपल्यामुळे अर्धवट राहिलेलं ते बारा खांबांचं स्मारक पाहिलं, आणि खरं सांगते, जरा बरं वाटलं. माझ्या प्रबंधाची प्रगतीही साधारण तितकीच आहे.

मग तोफ. ही किल्ल्यावरून १८६१ पासून उडते. बंदरातल्या जहाजांना वेळ कळावी म्हणून आधी कॅल्टन हिलवरच्या नेल्सन स्मारकावर एक गोळा ठरल्या वेळी खाली सोडत, पण धुक्यात तो दिसेना, म्हणून आवाजाची सोय केली. आईला हे सगळं सांगून ठेवलेलं. मी स्कॉट स्मारकापाशी उभी राहिले, व्हिडिओ कॉल लावला, फोन किल्ल्याकडे धरला. समोर बालमोरल हॉटेलच्या घड्याळात एक वाजला. शांतता. आई म्हणते, "वाजली का गं?" मी मोबाइलात पाहिलं तर एकला तीन मिनिटं कमी. मग आठवलं, लोकांची गाडी चुकू नये म्हणून ते घड्याळ मुद्दामच तीन मिनिटं पुढे ठेवतात. हुश्श केलं, पुन्हा हात वर. एक वाजला, एक वाजून दोन झाले, आई कुकर बंद करून परत आली, तोफ काही नाही. शेजारी कुत्रा घेऊन उभे असलेले आजोबा बराच वेळ माझ्याकडे बघत होते. शेवटी हळूच म्हणाले, "आज रविवार आहे. रविवारी उडत नाही."

आई अजून हसते आहे.

त्यानंतर संग्रहालयापर्यंत पोचले तेव्हा पाय इतके दुखत होते की डॉली मेंढीच्या काचेसमोरच बसून राहिले. बाहेर आले तर चार वाजताच काळोख.

तर प्रश्न असा. येत्या शनिवारी पुन्हा जायचं आहे, पण यादी न करता. वॉटर ऑफ लीथ या नदीच्या काठाने चालत जाता येतं म्हणे. कुठून सुरू करावं? डिसेंबरात ती वाट एकटीने चालायला ठीक आहे का, चिखल किती असतो? आणि अंधार लवकर होतो तर मध्येच कुठे तासभर फुकट टेकता येईल? खिशाला भार नको. जाणकारांनी कृपया सांगा. "आर्थर्स सीट चुकवूच नकोस" हा सल्ला सोडून काहीही चालेल.

प्रतिसाद:

चार वर्षं तिथे काढली आहेत. डीन व्हिलेजपासून सुरू कर, पण साडेदहाच्या आत, कारण तिथे आता पावणेचारच्या आधीच सूर्य मावळतो. नदीकाठाने जाताना टेलफर्डचा उंच डीन पूल डोक्यावरून जाईल आणि पुढे रोमन देवळासारखी सेंट बर्नार्ड्स वेल (वेल म्हणजे विहीर) दिसेल. १७८९ च्या त्या देवळाखाली खनिज पाण्याचा झरा होता. पंधरा-वीस मिनिटांत स्टॉकब्रिज. तिथून वनस्पती उद्यान जवळ आहे, बागेत फिरायला तिकीट नाही, मात्र हिवाळ्यात लवकर बंद होते, म्हणून ते आधी कर. तासभर तिथेच काढ. पाऊस झाला असेल तर काठावर पानं कुजून निसरडं होतं, चांगली पकड असलेले बूट घाल. दिवसाउजेडी एकटीने जायला हरकत नाही, तिन्हीसांजेनंतर मात्र नदीची वाट सोडून रस्त्याला लाग.

जीव असेल तर तसंच लीथ बंदरापर्यंत चाल. येताना पायपीट नको, २०२३ पासून ट्राम तिथपर्यंत जाते, थेट प्रिन्सेस स्ट्रीटला आणून सोडेल. आणि तोफेसाठी कुठे उभी राहू नकोस. एक वाजता जिथे असशील तिथे थांब, ऐकू आली तर आली. आईला मात्र आधी फोन लावू नकोस.

मूळ प्रश्नकर्ती:

खूप आभार! बूट आजच शोधते. आईला हा धागा पाठवला, तिचं म्हणणं, फोन लावायचाच.