देवावर विश्वास, भरवसा, भाव की हवाला?

प्रश्न

आमच्या चर्चच्या मंडळीत तरुणांचं शिबिर आहे. फलकावर वाक्य घालायचंय: ‘आत्मिक वाढीसाठी देवावर...’ आणि पुढे गाडी अडली. पाळकसाहेब म्हणतात ‘विश्वास ठेवा’. एक आजी ‘भाव ठेवा’वर ठाम आहेत. एका मुलाने ‘हवाला ठेवा’ सुचवलं, तर सगळे हसले. हसू का आलं ते कळतंय, पण सांगता येत नाहीये. फरक कुणी उलगडेल का?

उत्तर

आजींचा शब्द पवित्र शास्त्रातलाच, म्हणजे बायबलमधलाच आहे. नीतिसूत्रे ३:५ काढा: ‘तू आपल्या अगदी मनापासून परमेश्वरावर भाव ठेव.’ मूळ हिब्रू क्रियापद ‘बाताह’, म्हणजे निर्धास्तपणे विसंबणं. अब्राहामाच्या गोष्टीत मात्र (उत्पत्ती १५:६) क्रियापद वेगळं आहे. ज्या धातूपासून ‘आमेन’ आलं त्याच धातूचं. तिथे मराठीत ‘विश्वास ठेवला’ आहे.

अडचण अशी की आजच्या पोरांना ‘भाव’ म्हटलं की आधी कांद्याचा भाव आठवतो, नाहीतर ‘भाव खाणं’. ‘भाव तेथे देव’ म्हणणारी पिढी मागे पडली. गोव्याच्या कोकणीत मात्र हा शब्द ख्रिस्ती माणसांनी जिवंत ठेवलाय. तिथे श्रद्धेला ‘भावार्थ’ म्हणतात आणि श्रद्धावंतांना ‘भावार्थी’. आपल्याकडे ‘भावार्थ’ म्हणजे कवितेखाली लिहायचा पाच मार्कांचा परिच्छेद!

उत्तर

‘विश्वास’बद्दल थोडं. तो ‘असतो’, ‘बसतो’ आणि ‘ठेवता’ही येतो, आणि या तिन्हींत अंतर आहे. ‘देव आहे यावर माझा विश्वास आहे’ हे नुसतं मत झालं. ‘बसणं’ आपल्या हातात नसतं, अनुभवाने बसतो. ‘ठेवणं’ ही कृती, बसला नसतानाही करता येते. मार्क ९:२४ मधला आजारी मुलाचा बाप ‘माझा विश्वास आहे’ म्हणतो आणि त्याच दमात माझा अविश्वास घालवा म्हणून गयावया करतो. आत्मिक वाढीबद्दल बोलायचं तर मला हाच माणूस जवळचा वाटतो. साक्ष देताना, म्हणजे आपला विश्वासाचा अनुभव सगळ्यांसमोर सांगताना, आपण फार लवकर ‘बसला’ म्हणून मोकळे होतो.

उत्तर

आता हसू. ‘हवाला’ म्हणजे कारभार दुसऱ्याच्या ताब्यात देणं, हवालदार त्यातलाच. पण ‘देवावर हवाला ठेवून’ या प्रयोगात हात झटकल्याचा सूर येतो. परीक्षेला न वाचता बसलेला मुलगा देवावर हवाला ठेवतो. ‘रामभरोसे’ तर त्याहून वाईट. शिवाय हवाला म्हटल्यावर नोटांची बंडलं दिसतात, ते वेगळंच.

उपप्रश्न

पण मग वाढ देवच देतो ना? पौल लिहितोच: ‘मी लावले, अपुल्लोसाने पाणी घातले, पण देव वाढवत गेला.’ म्हणजे हवालाच की!

उत्तर

नाही हो. हे वचन जिथलं, त्या करिंथकरांस पहिल्या पत्रातली (३:६) क्रियापदं बघा. ग्रीकमध्ये लावणं आणि पाणी घालणं ही झालेली, संपलेली कामं आहेत. वाढवणं चालू राहणारं. मराठी अनुवादकाने नुसतं ‘वाढवले’ न लिहिता ‘वाढवत गेला’ लिहिलं, त्याला सलाम. पण लावणारा आणि पाणी घालणारा वाक्यातून गायब झालेले नाहीत.

फिलिप्पै २:१२-१३ त्याहून मजेदार. आधी ‘आपले तारण साधून घ्या’ आणि लगेच ‘साधून देणारा तो देव आहे’. घेणं आणि देणं, दोन्ही एका ‘साधणे’ला जोडलेलं. यातला कुठलाही अर्धा भाग काढला की वचन मोडतं. ‘हवाला’मध्ये नेमका पहिला अर्धा गळतो.

पंडिता रमाबाईंचं केडगाव आठवा. मुक्ती मिशन प्रार्थनेवर चाललं हे खरं. पण दुष्काळात त्यांनी स्वतः जाऊन मुली आणल्या, त्यांच्या हाताला काम दिलं, विहिरी खणून घेतल्या. हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल करत बसल्या ते १९२२ साली जाईपर्यंत. ही बाई देवावर विसंबून होती. हवाला ठेवून नव्हती.

उत्तर

मग ‘भरवसा’ घ्या. फिलिप्पै १:६ मध्ये वाढीच्याच संदर्भात आलाय: ज्याने चांगलं काम आरंभलं तो ते सिद्धीस नेईल, ‘हा मला भरवसा आहे’. ‘विश्वास’ सगळीकडे वापरून गुळगुळीत झालाय, ‘भरवसा’ अजून माणसावर टाकायचा शब्द आहे. ‘तुझ्या भरवशावर सोडून जातोय’ म्हणताना आपण मत सांगत नसतो, काहीतरी किमती मागे ठेवत असतो.

प्रश्नकर्ता

भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला तर?

उत्तर

म्हण बरोबर आहे, पण दोष म्हशीचा, भरवशाचा नव्हे! कुणावर टाकला हेच महत्त्वाचं, म्हणून फलकावर ‘देवावर’ मोठ्या अक्षरात घ्या. आणि रंगाऱ्याला जुनं गीतपुस्तक नमुना म्हणून देऊ नका. त्यात ‘भरंवसा’ असेल. तो अनुस्वार १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी गेला.