प्रोजेक्ट मराठी विकिपीडियावर टाकायचाय, भीती वाटतेय. कुणी केलंय का?

सड्यावरची_पोर:
एसवायबीए भूगोल. सर म्हणाले यंदा फाईल नको, प्रत्येकाने आपल्या भागावर मराठी विकिपीडियावर लेख लिहा. मी आमच्याकडचे जांभ्याचे सडे, म्हणजे जांभा दगडाची उघडी पठारं, घेतलीत, पावसात तिथे कधी काय फुलतं ते आजीला तोंडपाठ आहे त्यामुळे विषय आवडीचा आहे पण खरं सांगू का, हातच उचलत नाहीये. फाईल असली की सर बघतात, मार्क देतात, संपलं. इथे कुणीही वाचणार, चुका काढणार, शुद्धलेखनाची तर आधीच धडकी. त्यात सगळं मोबाईलवरून. तुम्हाला कसं वाटलेलं?

नदीकाठचा:
अगदी असंच. आधी धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर लिही, आणि खातं काढताना खरं नाव लागत नाही, टोपणनाव चालतं. मी आमच्या नदीवर लिहिताना पुस्तकातला उतारा जसाच्या तसा चिकटवलेला, दुसऱ्या दिवशी गायब! रडायलाच आलं. मग लेखाचा इतिहास उघडला तर कारण लिहिलेलं, कॉपीराइट. बरोबरच होतं, तिथला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली जातो, कुणीही घ्यावा बदलावा वाटावा, फक्त श्रेय द्यायचं आणि पुढेही तसाच मोकळा ठेवायचा, मग दुसऱ्याचं लिखाण मी कसं वाटणार? तेच चार परिच्छेद स्वतःच्या शब्दांत लिहायला घेतले तेव्हा कळलं की मला नदीबद्दल काहीच माहीत नव्हतं.

खडू_फळा:
मी कॉलेजात शिकवते. आजीचं सांगणं थेट लेखात टिकणार नाही गं, तिथे छापील संदर्भ लागतो. जिल्हा गॅझेटियर, म्हणजे सरकारने छापलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ बघ, साताऱ्याजवळच्या कास पठारावरही पुष्कळ छापलंय, २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा झाला त्यात कास आहेच. पण आजीचं वाया घालवू नकोस. फुलांचे फोटो काढ, गाव आणि तारीख लिहून विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मोकळ्या फोटोसंग्रहात टाक.
आणि सरांना नक्की विचार, मार्क लेख टिकण्यावर आहेत की लिहिण्यावर. ज्याला जाहीर लिहायचं नाही त्याला फाईलची मुभा हवीच, मोकळं शिक्षण सक्तीने होत नाही.

सड्यावरची_पोर:
विचारलं! मार्क धूळपाटीवरच्या मसुद्यालाच देणार म्हणाले, पुढे टाकायचं की नाही ते आपलं आपण ठरवायचं. वर्गातल्या दोघींनी फाईल घेतली. मी पहिला परिच्छेद लिहिलाय. आजीला फोटोंचं सांगितलं तर म्हणते सोनकी फुलू दे, मग जाऊ.